आटे, टॅपेट आणि ऑइल: घरच्या घरी इंजिनची देखभाल

मोटरसायकलच्या इंजिनची घरी देखभाल करणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं देताना चार-स्ट्रोक, एअर-कूल्ड, एक सिलिंडरची साधारण १०० ते २०० सीसीची गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. लिक्विड-कूल्ड गाडीचा संबंध येतो तिथे तसं म्हटलं आहे. इथले आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

प्रश्न: ऑइल बदलल्यापासून खालच्या ड्रेन बोल्टजवळ ठिबकतंय. बोल्ट आणखी आवळायला गेलो तर तो घट्ट न होता नुसता फिरतच राहतो. आता काय?

आटे गेले. बोल्ट स्टीलचा आणि क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) अॅल्युमिनियमची, त्यामुळे जास्त जोर पडला की हार मानते ती क्रँककेसच. बोल्ट काढून पाहा. त्याच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली दिसली, तर ते क्रँककेसचे आटे उपटून आलेले आहेत.

सुरुवात बहुतेक वेळा वॉशरपासून होते. ड्रेन बोल्टखालचा अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा वॉशर दबून बसतो आणि तीच त्याची सील. एकदा दबलेला वॉशर पुन्हा वापरला की थोडं ठिबकतं. मग माणूस बोल्ट आवळतो, तरी ठिबकतं, म्हणून आणखी आवळतो. ऑइल थांबवणं हे वॉशरचं काम, तिथे जोराचा उपयोग नाही. प्रत्येक वेळी नवा वॉशर टाकायचा.

दुरुस्ती म्हणजे हेलिकॉइल किंवा तसाच आट्यांचा इन्सर्ट. जुनं भोक ठरलेल्या मापाच्या ड्रिलने मोठं करायचं, त्यात टॅप फिरवून नवे आटे पाडायचे आणि त्यांत स्टीलच्या तारेची कॉइल बसवायची. भोक मूळच्या रेषेतच सरळ पडलं पाहिजे. ते तिरकं झालं तर वॉशर एकाच बाजूने दबतो आणि गळती कायमची राहते. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कीस त्यालाच चिकटेल. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असं फिरवत टॅप मधेमधे बाहेर काढून पुसा. शेवटी वरून पाव लिटर स्वस्त ऑइल ओतून खालच्या भोकातून वाहू द्या. उरलासुरला कीस त्याबरोबर निघून जातो. हात सरळ चालेल याची खात्री नसेल तर हे एवढं काम लेथवाल्याकडून करून घेतलेलं बरं. टेफ्लॉन टेप, एपॉक्सी आणि स्वतःच आटे कापत जाणारा जाडा बोल्ट हे तिन्ही उपाय नकोत. जाड्या बोल्टने तर क्रँककेसला तडा जाऊ शकतो.

पुढच्या वेळेसाठी: १२ मिमीच्या ड्रेन बोल्टला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुरतो. १५ सेमी लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १६ किलोचा जोर दिला की २४ न्यूटन-मीटर होतो. पाना ३० सेमीचा असेल तर तेवढ्याच टॉर्कला आठ किलो पुरतात. लांब पाना हातात आला की अंदाज चुकतो तो यामुळेच. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी चार-पाच फेरे आत गेला पाहिजे. नाही गेला तर तो आडवा लागलाय. तिथे पाना लावायचाच नाही.

प्रश्न: घरात कारचं चांगल्या प्रतीचं सिंथेटिक ऑइल शिल्लक होतं, तेच बाइकमध्ये टाकलं. आता चौथ्या-पाचव्या गिअरला रेस दिली की इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही.

क्लच घसरतोय. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनला ती मानवतात, पण क्लचप्लेटा चालतात त्याच घर्षणावर. हाच घोटाळा टाळण्यासाठी जपानच्या जासो संस्थेने १९९८ मध्ये चार-स्ट्रोक बाइकच्या ऑइलसाठी वेगळी प्रतवारी आणली. ओल्या क्लचसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं हवं. ‘एमबी’ हे क्लच ऑइलमध्ये नसलेल्या स्कूटरसाठी. ज्या डब्यावरच्या गोल चिन्हात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं छापलंय, तो बाइकसाठी घ्यायचा नाही.

ऑइल काढण्याआधी क्लच लिव्हरची ढील तपासा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. केबल ताणलेली असेल तरी क्लच असाच घसरतो, आणि उगाच ऑइलला दोष जातो. ढील बरोबर असेल तर ऑइल बदलून एमए२ टाका. ड्रेन केलं तरी थोडं जुनं ऑइल आत राहतंच, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा बदला. बऱ्याचदा तेवढ्याने क्लच सुधारतो. तरीही घसरत असेल तर प्लेटा गुळगुळीत होऊन जळल्यात, त्या बदलाव्या लागतील.

प्रश्न: मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे आहेत, ०.९ लिटर आणि १.१ लिटर. टाकायचं किती?

पहिला आकडा नेहमीच्या ऑइल बदलासाठी, दुसरा इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडल्यावर. बरेच जण लिटरचा डबा आणतात आणि उरवून काय करायचं म्हणून सगळा ओततात. लेव्हल वरच्या खुणेच्या वर गेली की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात चढतं. फिल्टर तेलकट, धूर निळसर आणि पिकअप कमी, अशी तक्रार घेऊन गाडी आली तर आधी डिपस्टिक पाहावी.

लेव्हल बघायची रीत: गाडी सपाट जागी सरळ उभी, इंजिन तीन मिनिटं चालवून बंद, मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. साइड स्टँडवर पाहिलेली लेव्हल खोटी. डिपस्टिक पुसून परत घालताना बऱ्याच गाड्यांत ती आट्यांत फिरवायची नसते, नुसती टेकवायची असते. काहींत पूर्ण फिरवायची असते. तुमच्या गाडीत कसं ते मॅन्युअलमध्ये एका ओळीत दिलेलं असतं आणि नेमकी तीच ओळ वाचायची राहते.

प्रश्न: टॅपेटचा टिकटिक आवाज येतो. घरी अॅडजस्ट करता येईल का? आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत घट्ट करत गेलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात नाही. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली फट, म्हणजे गॅप, कमी-जास्त करायचा भाग. ढिला टॅपेट आवाज करून कळवतो तरी, घट्ट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर (हेडमधल्या बसायच्या कड्यावर) टेकलेला असताना हेडमध्ये उतरते. गॅप शून्य झाली की व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही. मग उष्णता उतरत नाही, वर जळते वायू त्याच फटीतून सुटत राहतात. लक्षणं अशी: गाडी थंड असताना बरी चालते, गरम झाल्यावर आयडलिंग डळमळतं, बंद केली तर लगेच स्टार्ट होत नाही, किक हलकी लागते. वापराबरोबर व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू खोल बसतो आणि गॅप आपोआप कमी होत जाते. म्हणून आवाज नसला तरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला गॅप मोजायलाच हवी.

स्क्रू आणि लॉकनटचे टॅपेट असतील तर घरी नक्की करता येतं. बकेटखाली शिम (गॅप ठरवणारी चकती) असलेल्या इंजिनात गॅप मोजणं घरी जमेल, पण शिम बदलायला कॅमशाफ्ट काढावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने तिथे मोजून थांबावं.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. सकाळी गाडी सुरू न करता कामाला लागायचं, कारण मॅन्युअलमधली गॅप थंड इंजिनची असते. प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशनचा अडथळा न होता क्रँक हाताने फिरेल. इनटेक आणि एक्झॉस्ट अशी दोन्ही टॅपेटची झाकणं उघडा. मॅग्नेटच्या कव्हरवरचं मधलं मोठं झाकण आणि वरचं छोटं झाकणही काढा. मॅग्नेट डाव्या बाजूला असलेल्या बहुतेक गाड्यांत क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा असतो. सॉकेट घालून हळूहळू फिरवा आणि इनटेकच्या रॉकरवर नजर ठेवा. तो व्हॉल्व्ह खाली दाबेल, मग परत वर येईल. त्यानंतर छोट्या भोकात फ्लायव्हीलवरची ‘टी’ची (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) रेघ खाचेसमोर आली की थांबा. ‘एफ’ची रेघ इग्निशन टायमिंगची असते, ती आधी दिसते आणि फसवते.

आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहा. दोघांनाही थोडी खेळ हवी. एकही हलत नसेल तर बहुधा तुम्ही एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी आहात. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून पुन्हा ‘टी’वर आणा. तरीही एखादा रॉकर हललाच नाही, तर तो टॅपेट घट्ट आहे.

या वर्गातल्या अनेक इंजिनांत इनटेकची गॅप ०.०५ ते ०.०८ मिमी आणि एक्झॉस्टची ०.०८ ते ०.१२ मिमीच्या आसपास असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, त्याची दांडी जास्त लांबते, म्हणून त्याला जागाही जास्त. ०.०८ची गॅप बरोबर असेल तर ०.०८चं पातं किंचित अडत सरकतं आणि ०.१०चं आत शिरतच नाही. पाती नेहमी अशी जोडीने वापरा. एकट्या पात्याचं ‘किंचित अडणं’ प्रत्येकाच्या हाताला वेगळं लागतं.

लॉकनट रिंग पान्याने सैल करा, अॅडजस्टरचं चौकोनी डोकं टॅपेटच्या चावीने फिरवून गॅप घ्या आणि अॅडजस्टर तसाच धरून ठेवून नट आवळा. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. नट आवळताना अॅडजस्टर त्याच्याबरोबर किंचित फिरतो आणि घेतलेली गॅप जाते. म्हणून नट आवळल्यावर पुन्हा मोजायचं. एकदा मोजून झालं की क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून, परत ‘टी’वर आणून तिसऱ्यांदा मोजायचं. नट फार आवळू नका, अॅडजस्टरचे आटे बारीक असतात. झाकणांच्या ओ-रिंगा कडक झाल्या असतील तर बदला. आणि काम चालू असताना उघड्या भोकांत स्वच्छ फडकं कोंबून ठेवा. आत पडलेला एक वॉशर शोधायला इंजिन खोलावं लागतं.

गॅप मापात असूनही आवाज येत असेल तर दोन शक्यता. अॅडजस्टरच्या टोकाला किंवा व्हॉल्व्हच्या दांडीवर खड्डा पडला असेल तर पातं त्यावरून पुलासारखं आडवं जातं. पात्याला गॅप बरोबर वाटते, प्रत्यक्षात ती खड्ड्याएवढी जास्त असते. दुसरं म्हणजे आवाज टॅपेटचा नसेलच. सिलिंडरच्या बाजूने येणारी खरखर कॅम चेन किंवा तिच्या टेन्शनरची असते. थंडपणी येणारा आणि इंजिन गरम झाल्यावर जाणारा ठोक्यासारखा आवाज पिस्टनचा.

प्रश्न: प्लग काळा येतो. आधीच्यापेक्षा ‘गरम’ प्लग टाकावा का?

आधी काळा म्हणजे कसा काळा ते बघा. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. एअर फिल्टर तुंबला, चोक पूर्ण परत आला नाही, कार्ब्युरेटरची फ्लोट लेव्हल वर गेली, यातलं काहीतरी. ओला आणि तेलकट काळा असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. गरम प्लग, म्हणजे टोकाची उष्णता हळू सोडणारा प्लग, हा या दोन्हींना इलाज नाही. त्याने फक्त लक्षण झाकलं जातं, आणि लांबच्या रस्त्यावर प्लगचं टोक गरजेपेक्षा जास्त तापतं. फिकट तपकिरी रंग ठीक. पांढराफटक आणि टोकावर बारीक फोड असतील तर मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी) आहे किंवा इंजिन जास्त तापतंय, तिकडे आधी लक्ष द्या.

रंग बघायचा तर आयडलिंगवर उभी असलेल्या गाडीचा बघू नका, तो नेहमी थोडा काळाच दिसतो. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये काही किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवा, क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी बाजूला थांबवा आणि इंजिन पूर्ण निवल्यावर प्लग काढा. गरम हेडमधून प्लग काढला तर आटे सोबत येऊ शकतात. काढण्याआधी प्लगभोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये.

कंपनी बदलली की उष्णतेच्या आकड्याचा अर्थही बदलतो, हे लक्षात ठेवा. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त गरम.

बसवताना नवा प्लग हाताने वॉशर टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा फेरा. वापरलेल्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला एका फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो. टॉर्क रेंच असेल तर १० मिमीच्या प्लगला १० ते १२, १२ मिमीच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर. इरिडियम प्लगवर तारेचा ब्रश फिरवू नका.

प्रश्न: कागदी एअर फिल्टर पेट्रोलने धुतला तर?

वाया जाईल. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करता येतो, तोही हलक्या दाबाने. ज्या कागदी फिल्टरला कारखान्यातच तेल लावलेलं असतं, त्याला हवाही मारायची नाही, ठरलेल्या किलोमीटरला सरळ बदलायचा. धुवायचा तो फोमचा. तो साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता दाबून, पूर्ण वाळवून मग त्यात फोम फिल्टरचं तेल जिरवायचं आणि जास्तीचं दाबून काढायचं. फिल्टरशिवाय गाडी चालवू नका. बारीक धूळ आत गेली की रिंगा आणि बोअर घासायला वेळ लागत नाही.

प्रश्न: ऑइल टाकायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय जमते. हेड गॅस्केट गेलं का?

एअर-कूल्ड गाडीत कूलंटच नसतो, त्यामुळे गॅस्केटमधून पाणी येण्याचा प्रश्न नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आत तयार झालेली वाफ बाहेर न पडता थंड झाकणावर जमते आणि ऑइलमध्ये मिसळून साय होते. झाकणावर साय पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर काळजीचं कारण नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा आणि ऑइल किलोमीटरपेक्षा महिन्यांच्या हिशेबाने बदला.

सगळंच ऑइल चहासारखं दिसत असेल तर गोष्ट वेगळी. गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्ट करायचा मोह टाळा. ऑइल काढून नवं भरा, एअर फिल्टरचा डबा आणि प्लगचं भोक कोरडं करा, थोडा वेळ चालवून ऑइल पुन्हा बदला. लिक्विड-कूल्ड गाडीत सोबत कूलंटची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट किंवा वॉटर पंपाचं सील पाहावं लागेल. पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब येत असतील तर पंपाचं सील गेलंय. ते भोक बुजवू नका, ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

प्रश्न: सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येतो, मग बंद होतो. बोअर-पिस्टन (सिलिंडर घासून नवा पिस्टन) करायला सांगितलंय.

इतक्यात नको. फक्त सकाळी धूर येणं ही व्हॉल्व्ह सीलची खूण. रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली उतरतं आणि पहिल्या मिनिटात जळून जातं. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून आल्यावर परत रेस देताना धुराचा लोट येत असेल तरी संशय सील आणि गाइडवरच (दांडी ज्यातून सरकते ती नळी). रिंगा गेल्या असतील तर चढावर, भार असताना धूर चालूच राहतो आणि ऑइलची लेव्हल भराभर उतरते.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा थांबेपर्यंत पाच-सहा किका मारा आणि आकडा लिहून घ्या. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा तेच करा. आकडा बराच चढला तर रिंगा किंवा बोअर. तो कमीच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट फुंकतंय. आणि आधीचाच आकडा मापात असेल तर फक्त व्हॉल्व्ह सील बदलून घ्या.

प्रश्न: ऑइल बदलताना आत डिझेल किंवा केरोसीन घालून इंजिन धुवावं का?

नको. ते पूर्ण निथळत नाही, उरलेलं नव्या ऑइलला पातळ करतं, आणि सुटलेला गाळ जाळीत नाहीतर बारीक छिद्रांत जाऊन बसतो. इंजिन तीन-चार मिनिटं गरम करून, गाडी सरळ उभी ठेवून दहा मिनिटं निथळू द्या. ऑइलची जाळी काढून धुवा. कागदी फिल्टर असेल तर स्प्रिंगची बाजू आधी कशी होती ते काढतानाच बघून ठेवा. उलटा बसला तर ऑइलची वाट अडते.

प्रश्न: साइड कव्हरच्या चौफुली स्क्रूची डोकी झिजली, स्क्रू ड्रायव्हर घसरतो.

जपानी धाटणीच्या गाड्यांवरचे हे स्क्रू दिसायला फिलिप्स, पण असतात जेआयएस (जपानी मानकाच्या) मापाचे. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही आणि कडा खातं. जेआयएसचा ड्रायव्हर आणा. अडलेल्या स्क्रूला इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचा सरळ ठोका द्या, पहिला ठोका आवळायच्या दिशेने दिला तरी स्क्रू सुटायला मदत होते. परत बसवताना अॅलन बोल्ट टाकलेत तर पुढचं काम सोपं. मात्र लांबी काढलेल्या स्क्रूइतकीच हवी. कव्हरच्या आकाराचा पुठ्ठा घेऊन त्यात भोकं पाडा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की केसला आतून धक्का बसतो.

प्रश्न: गाडी चार-पाच महिने उभी राहणार आहे. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू केली तर पुरे?

त्यापेक्षा अजिबात चालू न केलेली बरी. दोन मिनिटांत वाफ तयार होते पण उडून जात नाही, ती ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठते. ऑइल ठेवण्याआधीच बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधली आम्लं आणि ओलावा महिनोन्महिने बेअरिंगांवर बसून राहतात. स्टीलची टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आतून गंजणार नाही. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून बाउलचा ड्रेन स्क्रू सोडा आणि पेट्रोल भांड्यात काढून घ्या. आत सुकलेलं पेट्रोल स्लो जेट बुजवतं. प्लग काढून भोकातून चहाच्या चमचाभर ऑइल सोडा, क्रँक दोन-चार फेरे फिरवा, प्लग परत लावा.

पुन्हा चालू करताना प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग हेडला टेकवून भोकापासून लांब ठेवा, इग्निशन बंद ठेवून सात-आठ किका मारा. साचलेलं ऑइल बाहेर उडेल, भोकावर फडकं धरा. मग प्लग पुसून लावा आणि स्टार्ट करा. पहिली काही मिनिटं निळा धूर येईल, तो सिलिंडरमध्ये टाकलेल्या चमचाभर ऑइलचा आहे.